बाबांची भिकार गाडी

जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरातल्या एका कॅफेपाशी दर रविवारी बाबांचं टोळकं जमायचं. केक-कॉफी झाली की सगळे एकमेकांच्या मोटारसायकली फिरवून बघायला मागायचे. बाबांची मात्र कधी कुणी मागितली नाही. लांबच्या प्रवासाची, तरी वेगाचीही अशी ती देखणी गाडी. पण तिच्याबद्दल त्यांचं रडगाणं संपत नसे. "इंजिनाने मांड्या भाजतात, पुढच्या काचेमागे वारा कानात घोंगावतो, आणि वजन तर म्हशीचं!" मलाही त्यांनी हेच सांगून कायम लांब ठेवलं.

बाबा गेल्यावर मी ती त्यांच्या मित्रांना फुकट देऊ केली.

"नको गं पोरी," एवाल्डकाका म्हणाले. "तुझ्या बापाची, फोल्कमारची कटकट अजून कानात आहे. विकून टाक."

म्हणून वसंतात मी स्वतःच ती विक्रेत्याकडे घेऊन निघाले. चढ संपेपर्यंत मांड्या भाजायची वाट पाहत राहिले. काचेमागे तर इतकं शांत होतं, की मला माझंच रडणं ऐकू येत होतं. वळणावर नुसता खांदा कलवला, की गाडी आपण होऊन वळायची.

"लबाड म्हातारा!" मी हेल्मेटमध्ये ओरडले. विक्रेत्याचं दुकान कधीच मागे पडलं होतं.

कॅफेपाशी थांबले, तर एवाल्डकाका गाडीभोवती घुटमळायला लागले. "हिच्यावरून एवढ्या लांब आलीस? दे बघू किल्ली, एक चक्कर मारतो."

 

"कशाला जिवावर उदार होताय, काका? हिचे ब्रेकसुद्धा धड लागत नाहीत."