नावाची जागा

पडद्यावर रूपली एकच होती. ओट्यावर दोघी बसल्या होत्या.

दोघी जावा. एक रूपलीबाई नवलसिंगची, एक रूपलीबाई छगनची. दोघींना दिवस गेलेले, दोघींच्या पायांवर डोंगर उतरून-चढून आल्याची धूळ. तोरणमाळच्या उपकेंद्रातून दीपमाला सिस्टरने निरोप धाडला होता, रूपलीबाईला पाठवा, रक्त फार कमी आहे. निरोप पाड्यावर पोचला आणि त्या नावाच्या होत्या तेवढ्या निघाल्या.

पाच. हा आकडा दीपमालाला पक्का आठवत होता. पाडे फिरताना रूपलीबाई नावाच्या कुणाचं तरी बोट टोचलं, पट्टी रक्त मोजायच्या डब्यात सरकवली आणि पाच उमटला, असायला हवं त्याच्या निम्मंही नाही. पण डब्यात नोंद झाली म्हणून ती पुढच्या दारी गेली. दारामागून दार, बोटामागून बोट. चेहरे धुक्यात विरघळून गेले.

आता डबा म्हणत होता, रूपली, आठ. पाच कुठेच नव्हता.

पट्ट्या संपल्या होत्या, पुन्हा तपासायची सोय नव्हती. खालच्या दवाखान्याची गाडी तेवढी दारात उभी होती आणि घाटात धुकं भरायच्या आत निघायचं म्हणून ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला होता. दोघी जा, असं दीपमालाने म्हणून पाहिलं. त्या तयार नव्हत्या. दोन घरची लेकरं, दोन घरच्या शेळ्या, एकीला तरी परतायलाच हवं. नवलसिंगची म्हणे, हिला न्या, हिला चक्कर येते. छगनची म्हणे, मला काही झालेलं नाही, हिलाच धाप लागते.

डबा बनवणारा हेमकांत रनाळ्याहून पहाटेच्या गाडीने वर आला होता. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपला वायर, वायरीच्या टोकाला डबा. डोळे तारवटलेले. डब्याची मेमरी चिमणीच्या घरट्याएवढी. त्यात कशाला किती जागा, हे त्यानेच आखून दिलं होतं. एका बाईची एक फाईल, फाईलला तिचंच नाव. जागा वाचावी म्हणून नाव त्याने आखडतं ठेवलं होतं.

"तू कोनतं नाव टाकीसन दखेल व्हतं रे भाऊ?" डबा बनवताना त्याने चाचणीला घातलेलं नाव दीपमालाने विचारलं.

"मन्हंच. इंग्रजीम्हा."

"मन्हं टाक. मराठीम्हा."

त्याने टाकलं. पडद्यावर उमटलं, दीपमा.

हेमकांत बघत राहिला. मराठी अक्षराला इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते. माप त्याने इंग्रजीचं घेतलं होतं. नाव बसेना तसा डबा शेपटाकडची अक्षरं गाळत गेला. रूपलीबाई नवलसिंग, रूपली. रूपलीबाई छगन, तीही रूपली. एकाच नावाची फाईल दुसऱ्यांदा आली, तेव्हा डब्याने पहिली बाजूला सारून तिच्या जागी दुसरी ठेवली.

"म्हनजे तुन्हा डबाम्हा बाई मावत नही," दीपमाला म्हणाली. हसली नाही.

एक आशा मात्र होती. असली मेमरी जुनं लगेच पुसत नाही. नवं शेजारच्या रिकाम्या जागेत लिहिते आणि जुन्याची ओळख तेवढी सोडून देते. त्याने मेमरी कोपरान् कोपरा चाळायला घेतली. गाडीचा हॉर्न वाजला. ओट्यावर दोघींनी एकाच डब्यातली भाकरी मोडून खाल्ली.

"सापडना," हेमकांतने पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. "आठेच शे, पाच."

"कोना शे?"

पाच होता. आकड्याजवळ नाव नव्हतं.

दीपमाला उठली. ओट्यावर जाऊन तिने एकीची खालची पापणी ओढून पाहिली, मग दुसरीची. पुन्हा पहिलीची. दोन्ही फिक्या. मग तिथेच ती त्यांच्याशी त्यांच्या पावरी बोलीत बोलली, दमलेल्या आवाजात, एकेक शब्द वेगळा ठेवत. तुमच्यातल्या एकीच्या अंगात रक्त उरलेलं नाही. ती आज खाली गेली नाही तर बाळंतपणातून उठायची नाही. ती कोण, ते डब्याला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. म्हणून दोघी. लेकरांना नवलसिंग आणि छगन भाकरी घालतील.

नवलसिंग भाकरी थापणार म्हटल्यावर दोघी पदराआड हसल्या. मग हसू ओसरलं. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी कुणी उठायचं ते ठरेना, तेव्हा नवलसिंगचीने छगनचीचा हात धरला आणि दोघी एकदमच उठल्या.

गाडी वळणाआड गेली. तिचा आवाज बराच वेळ खालून येत राहिला.

हेमकांतने बाकीच्या बायांचे आकडे लॅपटॉपवर उतरवून घेतले. नावाची जागा वाढवायची तर मेमरी सगळी पुसून नव्याने आखायला हवी होती. त्याने पुसली. पाच गेला, आठही गेला. त्याने नवी आखणी केली, नावाला ऐसपैस जागा दिली. बसतंय का पाहायला या वेळी स्वतःचं नाव घातलं नाही. सावकाश, एकेक काना-मात्रा बघत, त्याने दोन नावं टाकली.

रूपलीबाई नवलसिंग.

रूपलीबाई छगन.

पडद्यावर आता दोघी होत्या. ओट्यावर भाकरीचा चुरा होता, तो मुंग्या नेत होत्या.