बंद घराची रांगोळी

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जे. पी. नगरमधल्या एका कुलूपबंद घराच्या दारात ताजी रांगोळी दिसली.

उमाजीराव जाधवांनी वही काढली. तारीख, वेळ आणि एकच शब्द: रांगोळी. ही सलग चाळिसावी नोंद होती.

घर त्यांचंच होतं. ते वरच्या मजल्यावर राहत. खाली सदतीस वर्षं वसुमती टीचर भाडेकरू होत्या. जुना भाडे कायदा टीचरच्या बाजूनं होता. भाडं वाढवता येत नव्हतं, त्यांना बाहेर काढता येत नव्हतं. संक्रांतीनंतर टीचर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हुबळीला लेकीकडे गेल्या. सप्टेंबर लागला तरी परतल्या नव्हत्या. उमाजीरावांना वाट सापडली.

"त्या घर सोडून गेल्या, आत कुणी राहत नाही, एवढं सिद्ध करा अण्णा," वकील नागराज म्हणाले. "कोर्ट ताबा देईल. पण आत राहणारं माणूस निघालं, तर केस संपली. आणि तुम्ही स्वतः आत पाऊल टाकू नका. उलटी केस व्हायची."

ताबा मिळाला की घर पाडायचं. चार मजले चढवायचे. मुलगा अभिमन्यू व्हाइटफील्डचा फ्लॅट सोडून इकडे येणार होता. बिल्डर महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता.

अडचण एवढीच होती की बंद घर बंद घरासारखं वागत नव्हतं.

दहाच्या सुमाराला खालून कुकरच्या शिट्ट्या यायच्या. संध्याकाळी सातला देवघराच्या खिडकीत दिवा लागायचा. खालचा विजेचा मीटर फिरत होता. उमाजीरावांनी फाटकावर कॅमेरा बसवला. त्यात दूधवाला दिसला, पेपरवाला दिसला, दोन कुत्री दिसली. बाहेरचं एकही माणूस आत आलेलं नव्हतं.

"अगं, आत्ता शिट्टी झाली ती आपल्या कुकरची का?"

त्यांची बायको सगुणाबाई मागच्या जिन्यानं वर येत होत्या. हातात कपड्यांची टोपली, तिच्यावर ओला टॉवेल.

"आपला स्वयंपाक केव्हाच झालाय."

"मग खाली कोण शिजवतंय?"

"टीचरचं भूत असेल. त्या जिवंत आहेत म्हणा. पण तुमच्या अर्जात कुठं आहेत?"

उमाजीरावांनी ते मनावर घेतलं नाही. टीचर गेल्या तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. मैत्रीण होती, वाईट वाटणारच. मागच्या अंगणात त्यांचं फारसं जाणं नसे. तिथं धुण्याचा दगड, दोऱ्या, कढीपत्त्याचं झाड. सगळं सगुणाबाईंचं राज्य. आपली जागा पुढच्या गॅलरीत. तिथून कुलूप दिसायचं.

वकिलांनी पाठवलेल्या नोटिशीला हुबळीहून टीचरचं उत्तर आलं. तीन ओळी. माझं घर बंद नाही. घरात माणूस आहे. रोज आहे.

उमाजीरावांनी फोन लावला. "कोण माणूस, टीचर?"

"वर तुम्ही राहता अण्णा, आणि सांगायचं मी?"

"कुलूप लागलेलं आहे हो!"

"सरी, ठीक आहे. मग कुलपालाच विचारा," म्हणून टीचरनी फोन ठेवला.

त्या दिवशी त्यांनी बॅटरी घेऊन समोरच्या खिडकीच्या फटीतून आत पाहिलं. टेबलावर एक पेला उपडा होता. दुसऱ्या दिवशी तोच पेला सुलटा होता, आणि त्यात जास्वंदीचं फूल होतं. त्यांनी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या.

दुपारी डब्यातलं अन्न वाढून घेताना त्यांची नजर ओट्याखाली गेली.

"आपला सिलिंडर काय टिकलाय गं! संक्रांतीला लावला होता ना?"

"बघा," सगुणाबाई म्हणाल्या. "तेवढं बरं लक्षात आलं तुमच्या."

काटकसरीचं कौतुक करावं असं त्यांना वाटलं. पण संध्याकाळी सातला दिव्याची नोंद करायची, हे आठवून त्यांनी आधी वहीला पेन्सिल बांधली.

शुक्रवारी अकरा वाजता, आगाऊ न कळवता, कोर्टानं नेमलेल्या कमिशनर भाग्यलक्ष्मी पाहणीला आल्या. उमाजीरावांनी वर तोंड करून कॉफीसाठी हाक मारली. उत्तर आलं नाही.

"भजनाला गेली असेल," ते म्हणाले. "या वेळी घरी नसतेच हल्ली."

त्यांनी कुलूप दाखवलं. कुलपावरची धूळ बोटानं पुसून दाखवली. वही दिली.

भाग्यलक्ष्मींनी पानं चाळली. "स्वल्प थांबा. मी मागून बघून येते."

त्या एकट्याच गेल्या. वीस मिनिटांनी परतल्या. पदराच्या टोकानं ओठ टिपत होत्या. वही परत देताना त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही दुपारी कुठं जेवता?"

"वर. बायको डबे भरून ठेवते. का?"

"काही नाही," म्हणत त्यांनी ते लिहून घेतलं.

अहवाल सोमवारी दाखल झाला. साडेचारला नागराजनी उमाजीरावांना ऑफिसात बोलावलं.

"आधी बसा अण्णा."

"घरात माणूस सापडलं?"

"सापडलं."

"कोण? फाटकातून तर कुणी..."

नागराजनी दुसरं पान उघडलं आणि आवाज न चढवता वाचलं. घर बंद नाही. मागचं दार आतून लावलेलं होतं. दार एका बाईनं उघडलं, वय एकसष्ट. गॅसवर दोन माणसांचा स्वयंपाक सुरू होता. बाईंनी नाव सगुणाबाई उमाजीराव जाधव असं सांगितलं. किल्ली भाडेकरूनंच दिल्याचं सांगितलं. आठ महिने याच घरात राहते, वर फक्त झोपायला जाते, असं सांगितलं.