हात लावून पाहायची सवय

नवरा कामावरून आला की बूट काढायच्या आधी टीव्हीला जोडलेल्या गेमच्या डब्यावर तळहात ठेवायचा. डबा कोमट जरी लागला तरी त्या दिवशी तिची धडगत नसायची. "मी राबतो आणि तू खेळतेस," एवढंच म्हणायचा, तेही हळू आवाजात. डब्यातला पंखा केव्हाच मेला होता. अर्धा तास खेळलं तरी डबा तव्यासारखा तापायचा आणि निवता निवत नसे.

आज तिनं डोकं चालवलं. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा काढला, त्याच्या तारा एका तुटक्या केबलला पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि केबल नवऱ्याच्या चार्जरला जोडली. तासाभरात डबा गार पडला. जिन्यात पावलं वाजली तोवर पंखा उशीच्या अभ्र्यात गेला होता आणि चार्जर जागच्या जागी होता.

त्यानं तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग हसला. तिचा जीव भांड्यात पडला.

"फोनचं चार्जिंग संपलंय," म्हणत त्यानं चार्जर उचलला आणि तसाच मुठीत धरून उभा राहिला. मग जवळ येऊन तो अलगद तिच्या गालाला लावला.

"हा का गं गरम?"