आतला ठोकळा

वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेली मोटार राजूरचे तातेराव घरामागच्या शेडात दुरुस्त करीत होते. दुरुस्ती कसली! एका जागचा गंज खरवडला की शेजारी नवं भोक पडायचं. आता आशा नव्हती, नुसता हट्ट उरला होता.

दाराचा पत्रा सरळ करताना ते बाहेरून हातोडी मारायचे आणि बायको गिरिजाबाई गाडीत बसून आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरायची. ठोकळा जागेवर आला की ती दोनदा टकटक करायची. मगच घाव.

त्या दुपारी ते दारापाशी उकिडवे बसले, तशी आतून टकटक झाली. घाव घट्ट बसू लागले.

"जरा खाली घे," ते म्हणाले. ठोकळा खाली सरकला. "हां, बराबर! आज तुझा हात चांगला जमला."

तेवढ्यात पिठाचा डबा घेऊन गिरिजाबाई शेडात आली.

"गिरणीवर लई गर्दी व्हती. आत्ताच येऊन राह्यले. सरका, बसते आत."

तातेरावांची हातोडी वरच्या वर राहिली.

गिरिजाबाईनं दारावर हात ठेवला.

आतून, बरोबर तिच्या तळव्याखाली, दोनदा टकटक झाली.