कोंडाबाईचा पाटा

डोकमर्डीच्या गल्लीत नवा रस्ता होणार होता आणि त्याचा खर्च रस्त्यालगतच्या घरांवर बसणार होता. पालिकेचे साहेब हे सांगायला आले तेव्हा सगळी गल्ली भांडायला उठली. कोंडाबाई तेवढी म्हणाली, "मी भरते. पण खोदताना माझ्या दारापुढं पाटा निघंल, तो मला द्या."

"रस्त्यात पाटा?"

"तेव्हा इथं नुसता चिखल होता. माझ्या चंदाच्या वरातीचा टेम्पो फसला. विटा टाकल्या, फळ्या टाकल्या, चाक हलेना. शेवटी चटणी वाटायचा पाटाच दिला चाकाखाली."

"मग इतकी वर्षं काढला का नाही?"

"त्याच्यावरून पोर सासरी गेली, साहेब. तिची माहेरची वाट मीच कशी उकरू?"