नळाचा पत्ता

पालिकेच्या तपासनीस बाईंनी अनुजाच्या सासूबाईंच्या थुंकीचा नमुना यंत्रात घातला. कोणाच्या फुप्फुसातला जंतू शहरातल्या कुठल्या नळात वाढला, ते यंत्र मिनिटभरात सांगत असे.

“हा क्षय नाही. त्याच्या जातीचा, पण पाण्यातला जंतू आहे. तो तुमच्याच शॉवरमधून आलाय,” बाई म्हणाल्या.

अनुजाची मान खाली गेली. कामवाल्या छायाने घरात क्षय आणला असं ठरवून तिने तिला हाकललं होतं.

ती त्याच दुपारी छायाच्या घरी गेली.

“छाया, चुकले गं. दोष आमच्याच घरात होता.”

“मला सांगून काय उपयोग, वहिनी? तुमच्या शब्दावर अख्ख्या इमारतीनं मला दारं लावली. त्यांना सांगा.”

अनुजाने परत येऊन आपल्या इमारतीतली पहिली बेल वाजवली.