लाल हॅटचं पॅरिस

"हॅट येता कामा नये," उल्हास म्हणाला. "नाहीतर आई लगेच ओळखेल."

सुलेखानं ईशानचा फोन उभा धरला, मग आडवा. टॉवर आयफेलसारखाच होता, पण टेक्सासमधल्या या पॅरिस गावानं त्याच्या टोकावर लाल काउबॉय हॅट चढवून ठेवली होती. फ्रिस्कोहून सकाळीच ड्राइव्ह करून दोघं आले होते ते या एका फोटोसाठी.

त्यांचा मुलगा ईशान यंदा ऑफिसच्या कामानं युरोपला जाणार होता. एक दिवस मोकळा काढून पॅरिस बघीन, टॉवरपाशी उभं राहून फोटो पाठवीन, असं त्यानं आजीला कबूल केलं होतं. आजीनं ते नागपुरात साऱ्या शेजाऱ्यांना ऐकवलं. मग ईशानचं जाणं राहून गेलं. नव्वदीच्या आईला ते सांगायला उल्हासची जीभ रेटेना. प्रत्येक फोनवर ती विचारायची, "गेला का रे पॅरिसला?" शेवटी परवा त्याच्या तोंडून निघून गेलं, "हो, पोचला."

ट्रिपसाठी घेतलेलं निळं जॅकेट उल्हासनं चढवलं. बाह्या बोटांपर्यंत आल्या. किमतीचं लेबल अजून तसंच लटकत होतं. ते त्याला तोडवेना, त्यानं ते कॉलरमध्ये खुपसलं. पिकलेले केस कॅपखाली दडवले.

"पाठमोरे उभे राहा. पोट आत घ्या, ईशानला पोट आहे का? आणि तो डावा खांदा वर करा."

एरवी या बोलण्यावर दोघं हसली असती.

"सुलेखा, आपण चुकतोय का गं?"

"आता विचारताय? इथवर येऊन?" ती फोनमध्ये बघत राहिली. मग म्हणाली, "परवा आई मला विचारत होत्या, यंदा गणपतीचे फोटो का नाही आले."

"मग?"

"म्हटलं, सुट्टी मिळाली नाही, म्हणून बसवला नाही."

"पटलं तिला?"

"जेवतेस ना वेळेवर, एवढंच विचारलं."

चौथ्या-पाचव्या खेपेला फोटो जमला. हॅट कुठंच दिसत नव्हती. उल्हासनं खाली लिहिलं, 'आजी, मी पॅरिसला आलो.' मग 'आलो' खोडून 'आला' केलं. ईशानचं मराठी असंच होतं. पाठवून झाल्यावर दोघं बाकावर बसली. डब्यातल्या पोळीला कुणी हात लावला नाही.

फोटो पाहिल्याची निळी खूण उमटली. उत्तर आलं नाही.

थोड्या वेळानं उल्हासच्या स्वतःच्या खिशातला फोन वाजला. नागपूरहून.

"आई, बघितलास ना ईशानचा फोटो?"

"बघितला. छान आलाय," आई म्हणाली. "खांदा पाडून उभं राहायची तुझी लहानपणची खोड काही गेली नाही."

उल्हासनं सुलेखाचा हात धरला.

"गणपती बसवला नाहीत ना, तेव्हाच कळलं होतं मला," आई म्हणाली. "पोराचे दिवस तरी नीट केलेस ना रे?"